गुपित कोणाचं, जबाबदारी कोणाची?

मराठी माणसाला गुपित राखता येत नाही असं म्हटलं तर काही मंडळी रागावतील. पण मंडळाच्या कार्यकारिणीत यंदा दिवाळीला कोणता गायक येणार हे ‘सध्या कोणाला सांगू नका’ या अटीवर ठरतं आणि बैठक संपवून आपण घरी पोचेपर्यंत बायकोला ते कळलेलं असतं, हा अनुभव माझ्याप्रमाणे तुम्हीही घेतला असेल. दोघांतली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली की ती षट्कर्णी झाली, असं आपण म्हणतो. मंडळाचं गुपित फुटलं तर फार तर सांस्कृतिक समितीच्या प्रमुखांचा पारा चढतो. सरकारी गुपिताचं तसं नाही. तिथे कोणाचा तरी जीव, कोणाची तरी नोकरी आणि कधी कधी कोणाचा तरी तुरुंगवास त्या एका कागदाला बांधलेला असतो.

हा प्रश्न नवा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाची मसलत गुप्त कशी ठेवावी यावर एक प्रकरणच लिहिलं आहे. मसलतीच्या जागी पक्ष्यांनासुद्धा प्रवेश नसावा, कारण पोपट आणि मैनेनेही गुपितं फोडल्याचं ऐकिवात आहे, असं तो म्हणतो. गुपित फुटण्याची कारणंही त्याने दिली आहेत: गाफीलपणा, मद्य, झोपेतली बडबड आणि प्रेमप्रकरण. गुपित फोडणाऱ्याचा उच्छेद करावा, असा त्याचा सरळ हिशेब. आजचा पोपट म्हणजे आपला फोन. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे बडे अधिकारी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा ‘सिग्नल’वर करत होते आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एका मासिकाचा संपादक घेतला गेला होता. त्यात क्लासिफाइड असं काही नव्हतं, अशी भूमिका सरकारने घेतली.

आम्ही राहतो तो वॉशिंग्टनच्या आसपासचा भाग. इथे कुठल्याही गल्लीत चार घरं पाहिली तर एखादं तरी सरकारी नोकरीतलं किंवा सरकारच्या कंत्राटदाराकडे काम करणाऱ्याचं निघतं. आपली पहिली पिढी बँका, टेलिफोन कंपन्या आणि इस्पितळांत रमली. व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सिक्युरिटी क्लिअरन्स कोण देणार? पण इथे जन्मलेली आपली मुलं सैन्यात जातात, परराष्ट्र खात्यात जातात, संरक्षण खात्यासाठी सॉफ्टवेअर लिहितात. त्यासाठी शंभराहून जास्त पानांचा एसएफ-८६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात आईवडील, भावंडं, सासूसासरे यांची नावं, जन्मतारखा आणि नागरिकत्व तर असतंच, शिवाय ज्या परदेशी माणसांशी आपला जिव्हाळ्याचा संबंध आहे त्यांचीही माहिती हवी असते. मराठी कुटुंबात जिव्हाळा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्या फॉर्मला कोण सांगणार! आमच्या मराठी शाळेतल्या एका मुलाची चौकशी करायला एक सरकारी गृहस्थ आमच्याही घरी आले होते. ‘त्याचे परदेशी लोकांशी कितपत संबंध आहेत?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘साहेब, ते परदेशी लोक म्हणजे आम्हीच की!’ गृहस्थ हसले, पण वहीत काहीतरी लिहूनच गेले.

अशाच आमच्या एका स्नेह्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी फेडरल नोकरीत लागली. एका रविवारी जेवताना तिच्या वडिलांनी तिला डिवचलं, ‘अगं, इथले मोठेमोठे लोक गुप्त कागद गॅरेजमध्ये आणि बाथरूममध्ये ठेवतात, त्यांचं काही होत नाही. तू आईला कामाचा विषयसुद्धा सांगत नाहीस. एवढं काय घाबरायचं?’ ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, ते सुटतात. मी सुटणार नाही.’ मी वकील नाही, निवृत्त इंजिनिअर आहे. पण तिचं म्हणणं कितपत खरं, हे तपासून पाहावंसं वाटलं. गेले काही महिने कायद्याची कलमं आणि खटल्यांची कागदपत्रं वाचली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

अमेरिकेत सगळे गुप्त कागद सांभाळणारा एकच असा कायदा नाही. मुख्य आधार आहे तो १९१७ च्या एस्पिओनाज ॲक्टचा. पहिल्या महायुद्धात उडी घेतल्यावर दोनच महिन्यांत अमेरिकेने तो केला. गंमत म्हणजे त्याच्या मूळ कलमांत ‘क्लासिफाइड’ हा शब्दच नाही. तिथे ‘राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित माहिती’ असं म्हटलं आहे. कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट ही उतरंड राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांतून आली. पहिला आदेश रूझवेल्ट यांनी १९४० मध्ये काढला आणि ओबामांनी २००९ मध्ये काढलेला आदेश क्रमांक १३५२६ हा त्याच मालिकेतला. एस्पिओनाज ॲक्टच्या ७९३ व्या कलमानुसार अशी माहिती जाणूनबुजून अनधिकृत माणसाला देणं किंवा अधिकार नसताना स्वतःकडे ठेवून घेणं हा गुन्हा आहे. दर आरोपामागे दहा वर्षांपर्यंत शिक्षा. हेतू हेरगिरीचाच असला पाहिजे असं नाही. त्याच कलमात एक पोटकलम घोर निष्काळजीपणाचं आहे. कागद हरवला हे कळूनही जो वरिष्ठांना ताबडतोब कळवत नाही, तोही त्यात सापडतो. मात्र निव्वळ निष्काळजीपणासाठी ते फार क्वचित वापरलं गेलं आहे.

दुसरा कायदा १९९४ चा. क्लासिफाइड कागद परवानगीशिवाय उचलून भलत्या ठिकाणी ठेवण्याच्या इराद्याने नेणं, हा त्यातला गुन्हा. त्याला आधी जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा होती. जानेवारी २०१८ मध्ये ती पाच वर्षांवर नेली गेली.

आता धाकट्यांच्या गोष्टी पाहू. नावं देत नाही, ती शिक्षा भोगून झालेली माणसं आहेत. नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम करणारा, व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि आपल्याच मेरीलँडमध्ये राहणारा एक प्रोग्रॅमर. २०१० पासून जवळजवळ पाच वर्षं तो कामाचं साहित्य घरी नेत होता. त्याने ते कोणाला विकलं, असा आरोपही नव्हता. घरी बसून जास्त काम करावं, वरिष्ठांनी चांगला शेरा द्यावा, बढती मिळावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा त्याचं वय अडुसष्ट होतं. हे वाचून मला चैन पडेना. ऑफिसचं काम शनिवार-रविवार घरी आणणं हा आपण स्थलांतरितांनी सद्गुण मानला. उच्चार कमी पडतात ना, मग तास जास्त घालू, असं म्हणत आपल्यातल्या कित्येकांनी बढत्या मिळवल्या. त्या नोकरीत हाच सद्गुण गुन्हा ठरला.

दुसरा एक खलाशी. त्याने आपल्या अणुपाणबुडीच्या आत सेलफोनने सहा फोटो काढले. २०१६ मध्ये त्याला एक वर्षाची कैद झाली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली, पण तोपर्यंत कैद भोगून झाली होती. तिसरी, हवाई दलातून कंत्राटी नोकरीत आलेली एक तरुणी. तिने रशियाच्या निवडणुकीतल्या ढवळाढवळीचा एक गुप्त अहवाल एका वृत्तसंस्थेकडे पाठवला. अटक झाली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. एका अहवालासाठी शिक्षा त्रेसष्ट महिने.

आता थोरांकडे वळू. जॉन डॉइच हे सी.आय.ए.चे प्रमुख होते. त्यांनी घरच्या असुरक्षित संगणकांवर गुप्त मजकूर ठेवल्याचं पद सोडताना उघड झालं. किरकोळ गुन्ह्याची कबुली देण्याची बोलणी चालू असताना क्लिंटन यांनी जानेवारी २००१ मध्ये, पद सोडण्याच्या दिवशी, त्यांना माफी देऊन टाकली. क्लिंटन यांचेच सुरक्षा सल्लागार सँडी बर्गर यांनी २००३ मध्ये नॅशनल आर्काइव्ह्जमधून दहशतवादविषयक गुप्त कागद लपवून बाहेर नेले आणि काहींचे कात्रीने तुकडे केले. शिक्षा काय? दोन वर्षं प्रोबेशन, शंभर तास समाजसेवा, पन्नास हजार डॉलर दंड आणि क्लिअरन्स तीन वर्षांसाठी बंद. जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी गुप्त नोंदींच्या आठ वह्या आपल्या चरित्रलेखिकेला वाचायला दिल्या. दोघांचे प्रेमसंबंध होते, म्हणजे कौटिल्याचं चौथं कारण इथे लागू पडलं. २०१५ मध्ये त्यांनी किरकोळ गुन्हा कबूल केला. दोन वर्षं प्रोबेशन, एक लाख डॉलर दंड. बर्गर आणि पेट्रेयस या दोन्ही खटल्यांत सरकारी वकिलांनी सुचवलेला दंड न्यायाधीशांना कमी वाटला आणि त्यांनी तो वाढवला. बर्गर यांच्या वेळी सुचवला होता दहा हजार, पेट्रेयस यांच्या वेळी चाळीस हजार. न्यायासनावर बसलेल्या माणसांनाही काहीतरी खटकलं असावं.

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहेच. हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ई-मेल सर्व्हरबद्दल जुलै २०१६ मध्ये एफ.बी.आय.चे प्रमुख कोमी यांनी ‘अत्यंत बेफिकिरी’ असा शेरा मारला, पण खटल्याची शिफारस केली नाही. ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या घराची ऑगस्ट २०२२ मध्ये झडती झाली. तीत शंभराहून जास्त क्लासिफाइड कागद सापडले. जून २०२३ मध्ये आरोपपत्र आलं. ट्रम्प यांनी गुन्हा नाकबूल केला. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला काढून टाकला. नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आल्यावर त्यांच्याविरुद्धचं अपील सरकारने मागे घेतलं. त्यामुळे आरोप खरे की खोटे, हे ज्युरीपुढे कधी आलंच नाही. बायडन यांच्या गॅरेजमध्येही कागद निघाले. त्यांनी ते जाणूनबुजून ठेवल्याचा पुरावा आहे, पण तो निःसंशय सिद्ध होण्याइतका नाही, असं फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात विशेष वकिलाने लिहिलं. पेन्स यांच्या इंडियानातल्या घरी थोडे कागद मिळाले. ते त्यांनी आपणहून कळवले आणि जून २०२३ मध्ये चौकशी संपली. म्हणजे या पंक्तीला दोन्ही पक्षांची माणसं बसलेली आहेत. तेव्हा आपल्या मंडळात नेहमीप्रमाणे यावरून दोन तट पडायचं कारण नाही.

हा फरक का पडतो? माझ्या वाचनात त्याची काही कारणं आली. पहिलं म्हणजे ‘जाणूनबुजून’ हा शब्द. खालचा माणूस स्वतःच्या हाताने फाईल उचलतो, ड्राइव्हवर घेतो, पिशवीत घालतो. प्रत्येक पावलाचा पुरावा राहतो. वरच्या माणसाची खोकी दुसरेच भरतात आणि ‘त्यात काय होतं मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं खोडून काढणं अवघड जातं. दुसरं कारण खटल्याचं. कागद गुप्त होता हे ज्युरीला पटवायचं तर कागदाबद्दल बोलावं लागतं. ‘खटला चालवलात तर आणखी गुपितं बाहेर येतील’ अशी धाक घालणारी चाल मोठ्यांचे वकील खेळू शकतात. तिला आळा घालायला १९८० मध्ये वेगळा कायदा केला, तरी सरकारला धास्ती उरतेच. तिसरं, गोष्ट उघडकीला आल्यावर माणूस काय करतो. परत दिले की दडवले? पेन्स यांची चौकशी आणि ट्रम्प यांच्यावरचं आरोपपत्र यांत मुख्य फरक हाच होता. आणि शेवटचं, राष्ट्राध्यक्ष हा स्वतःच गुपित ठरवणारा अधिकारी. तो क्लिअरन्सचा फॉर्म भरत नाही आणि पदावर असताना त्याच्यावर खटला भरायचा नाही, असं न्याय खात्याचं धोरण आहे.

ही कारणं पोकळ नाहीत. पण सगळी एकत्र केली की पारडं कोणीकडे झुकतं ते दिसतं. त्या मुलीचं म्हणणं बरंचसं खरं होतं.

दुसऱ्या देशांनी काय केलं तेही पाहिलं. ब्रिटनच्या १९८९ च्या कायद्यात सरकारी नोकराने गुप्त कागदाची वाजवी काळजी घेतली नाही, एवढ्यावरही तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. जून २००८ मध्ये एक अधिकारी अल-कायदा आणि इराकविषयीचे अतिगुप्त कागद लंडनहून निघालेल्या लोकल गाडीत विसरला. त्याने गुन्हा कबूल केला आणि अडीच हजार पौंड दंड भरला. शिक्षा लहान, पण चुकीला चूक म्हणणारी. आपल्या भारतात १९२३ चा, इंग्रजांनी केलेला ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आहे. त्यात निष्काळजीपणालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कडक कायद्याची दुसरी बाजूही भारतातच दिसते. १९८८ मध्ये नौदलाचे माजी अधिकारी कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांना अमेरिकेला निघाले असताना मुंबईच्या विमानतळावर पकडलं. सोबत होता तो आय.आय.टी. मुंबईत पीएच.डी.साठी केलेला त्यांचा स्वतःचाच प्रबंध. सुमारे वीस महिने ते तुरुंगात होते. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. मधल्या काळात कायद्याचा अभ्यास करून हे गृहस्थ स्वतःची बाजू स्वतः मांडू लागले होते. तेव्हा नुसता कायदा कडक केला की न्याय झाला, असंही नाही. कडक कायद्याचा फटकाही बहुधा एकट्या माणसालाच बसतो.

शिवाय शिक्षा म्हणजे केवळ तुरुंग नव्हे. क्लिअरन्स मिळणं हा कोणाचाही हक्क नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. खटला न होताही तो काढून घेता येतो आणि तो गेला की त्या क्षेत्रातली नोकरी गेलीच. रुजू होताना एसएफ-३१२ नावाच्या करारावर जी सही करावी लागते, ती नोकरी सुटल्यावरही बांधून ठेवते. सी.आय.ए.च्या एका माजी अधिकाऱ्याने पूर्वपरवानगी न घेता पुस्तक छापलं, तेव्हा त्यात काही गुप्त असल्याचा आरोप नसतानाही त्याची सगळी कमाई सरकारजमा करण्याचा हुकूम १९८० मध्ये त्याच न्यायालयाने दिला. एकदा केलेल्या सहीला मुदत नसते.

एक बाजू मात्र विसरून चालणार नाही. सरकारही वाटेल त्या कागदावर ‘सीक्रेट’चा शिक्का मारतं. स्वतःची गैरकृत्यं किंवा फजिती झाकण्यासाठी शिक्का मारायचा नाही, असं तो १३५२६ क्रमांकाचा आदेशच बजावतो. पण उगाच शिक्का मारला म्हणून कोणी तुरुंगात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गैरप्रकार दिसला तर वृत्तपत्राकडे न जाता इन्स्पेक्टर जनरलकडे जाण्याची कायदेशीर वाट आहे. ती लांबची आणि काटेरी असली, तरी मुलांना ती ठाऊक असावी.

मग आपण घरच्यांनी काय करायचं? पहिली गोष्ट, विचारायचं नाही. ‘आम्हाला सांगायला काय हरकत आहे, आम्ही काय परके?’ हा आपला लाडका प्रश्न या बाबतीत गिळायचा. मुलगी सांगत नाही म्हणजे ती दुरावली असं नाही, ती आपलं काम नीट करते आहे. दुसरी गोष्ट, फुटलेले गुप्त कागद व्हॉट्सॲपवर हौसेने पुढे धाडायचे नाहीत. पेपरात छापून आलं तरी त्यावरचा शिक्का उतरत नाही. क्लिअरन्सवाल्या माणसाच्या फोनवर ते पोचलं तर त्याचा खुलासा त्याला करावा लागतो, आपल्याला नाही. तिसरी गोष्ट, ‘घरी आणून पुरं कर’ हा सल्ला देण्याआधी ते काम घरी आणण्याजोगं आहे का, हे त्यालाच ठरवू द्यायचं. आणि हातून काही चूक झालीच, तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांग, हे मुलांना आपणच आधी सांगायचं. ‘बघू, कोणाच्या लक्षात नाही आलं तर’ ही वाट सरळ त्या पोटकलमात जाते.

आपल्याकडे दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूला ठेव म्हणतात. ठेव वापरायची नाही, मिरवायची नाही, मागितली की परत करायची, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. सरकारी गुपित ही अशीच ठेव आहे. ती माणसाकडे नव्हे, त्याच्या पदाकडे ठेवलेली असते. पद सोडताना कोणी खुर्ची घरी नेत नाही, मग खुर्चीपुढचे कागद नेण्याचा अधिकार कुठून येतो? साडेपाच वर्षं आत गेलेल्या त्या प्रोग्रॅमरला हा प्रश्न विचारला गेला. राष्ट्राध्यक्षांपासून जनरलांपर्यंत सगळ्यांना तो तितक्याच करड्या आवाजात विचारला जावा, असं मला या देशाचा मतदार म्हणून वाटतं. पक्ष कुठलाही असो. आपली मुलं त्या करारावर सही करतात, ती खरी मानून. वरच्यांनीही ती खरी मानावी, एवढंच मागणं आहे.